कोरलेला बांध

नाथषष्ठीच्या दिंड्या पैठणच्या रस्त्याला लागतात, तेव्हा आमचा उपवासकाळ चालू असतो. हा योगायोग नाही, पंचांगाचा हिशेब आहे. ईस्टर येतो वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेच्या पुढच्या रविवारी, म्हणजे बहुतेक वर्षी चैत्री पौर्णिमेच्या पाठोपाठ. त्याआधीचे चाळीस दिवस प्रायश्चित्ताचे. फाल्गुन वद्य षष्ठी त्यात बहुधा सापडतेच. त्यामुळं छत्रपती संभाजीनगरात कॅथलिक घरात वाढलेल्या माझ्यासारखीच्या डोक्यात राखेचा बुधवार, क्रुसाची वाट आणि एकनाथ महाराज हे सगळं एकाच कप्प्यात जाऊन बसलेलं आहे. उन्हाची तिरीप वाढायला लागली, की शाळेतल्या बाई नाथांची गोष्ट सांगायच्या आणि संध्याकाळी चर्चमध्ये फादर पश्चात्तापावर बोलायचे.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. नाथ गोदावरीवर स्नान करून निघतात, वाटेवर बसलेला एक माणूस त्यांच्या अंगावर पानाची पिंक टाकतो. नाथ परत नदीवर. पुन्हा येतात, पुन्हा पिंक. असं एकशे आठ वेळा. शेवटी तो माणूस दमतो, ओशाळतो, पाय धरतो. नाथ त्याला म्हणतात की तुझ्यामुळं आज गोदामाईची एवढी स्नानं घडली. कीर्तनकार इथं टाळ उचलतो आणि गोष्ट संपते. कथेत तो माणूस यवन आहे. पण थुंकायला अमुकच धर्म लागतो असं काही नाही. मला लहानपणापासून एकच खटकतं. त्या माणसाचं पुढं काय झालं? दुसऱ्या दिवशी तो त्याच ओट्यावर बसला का? समोरून नाथ आले तेव्हा त्यानं काय केलं? आणि ज्यांनी आदल्या दिवशी हा तमाशा पाहिला, त्या पैठणकरांनी त्याला उधारीवर पान तरी दिलं का? क्षमा करणाऱ्याचं आपण देऊळ बांधलं. क्षमा मागणाऱ्याच्या वाट्याला अर्धं वाक्य आलं.

नाथ पैठणात हयात होते तेव्हाच, 1579 साली, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. पुढं 1616 मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण छापून आलं ते मराठीत आणि ओवीतच. म्हणजे या दोन घरांचा शेजार जुना आहे. पण क्षमेच्या बाबतीत आमच्याकडची नजर पहिल्यापासून दुसऱ्या माणसावर आहे. पापनिवेदन नावाचा जो संस्कार आम्ही सातवी-आठवीच्याही आधी शिकतो, तो सगळाच्या सगळा त्या पिंक टाकणाऱ्यासाठी आहे.

शहरातलं आमचं कॅथेड्रल संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचं. गावाचं नाव बदललं, धर्मप्रांताच्या कागदांवर बरीच वर्षं औरंगाबादच वाचत आलो. 1977 मध्ये हा धर्मप्रांत अमरावतीपासून वेगळा झाला तेव्हा तेच नाव होतं. हे फ्रान्सिस म्हणजे जिनिव्हाचे बिशप, 1622 मध्ये वारले. त्यांच्या नावानं पुढं 1838 साली, आज फ्रान्समध्ये असलेल्या अनसी इथं एक संघ निघाला, त्यातले धर्मगुरू भारतात आले, नागपुराकडून सरकत सरकत निजामाच्या मुलखात, घोगरगावसारख्या खेड्यांपर्यंत पोहोचले. जालना रोडवरच्या सेंट फ्रान्सिस शाळेमुळं शहराला हे नाव माहीत आहे. माणूस कोण होता ते फारसं कुणाला माहीत नाही. तो पत्रकारांचाही संत आहे, कारण ज्या गावात त्याला कुणी दारात उभं करत नव्हतं, तिथं तो आपलं म्हणणं कागदावर लिहून दाराखालून आत सरकवायचा. पण मला तो आवडतो वेगळ्याच कारणासाठी. 1609 मध्ये त्यानं संसारी माणसांसाठी भक्तीचं एक पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो, की पडलात तर स्वतःवर संतापू नका. स्वतःवरचा राग हा पुष्कळदा अहंकारच असतो. माझ्यासारखा माणूस पडलाच कसा, याचं आश्चर्य. शांतपणे उठा आणि चालायला लागा. मराठवाड्याच्या वाट्याला असा सौम्य संत यावा याची मला गंमत वाटते. आमच्याकडं उन्हापासून भाषेपर्यंत सौम्य काही नाही.

खेड्यातलं पापनिवेदन मी जितकं पाहिलं, त्यात सिनेमात असते तशी लाकडी जाळीची पेटी क्वचितच होती. ईस्टरच्या आधी शेजारच्या धर्मग्रामांतले दोन-तीन फादर मोटारसायकलवरून यायचे. एक वेदीजवळ बसायचा, एक व्हरांड्यात, एक मागं लिंबाच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर. गळ्यात जांभळी पट्टी. मान थोडी वळवलेली, कान आपल्याकडं, डोळे जमिनीकडं. रांगेतल्या माणसांनी ऐकू येणार नाही इतकं अंतर ठेवायचं, पण दिसत सगळं असतं. कोण किती वेळ गुडघ्यावर राहिलं याची बायका मनात नोंद ठेवतात आणि घरी जाताना त्यावर चर्चा होते. फादरला मात्र एक शब्द बाहेर काढायची मुभा नाही. काढला तर तो स्वतःच धर्मबहिष्कृत. धर्मशिक्षणाच्या वर्गात मास्तरांनी पाच पायऱ्या पाठ करून घेतलेल्या असतात: विवेक तपासणं, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निर्धार, निवेदन आणि फादर सांगतील ते प्रायश्चित्त. मास्तर बोटांवर मोजायचे. करंगळी प्रायश्चित्ताची. ती सगळ्यात बारीक असल्यानं की काय, आम्हाला वाटायचं ते काम सगळ्यात सोपं. तीन नमो मरिया म्हटल्या की झालं.

आजीचं निवेदन खूप लांबायचं. सुनेनं दूध कसं नासवलं, जावेनं कोंबडी कशी लपवली, शेजारणीनं अंगणात केर कसा लोटला. एकदा फादर म्हणाले, "आजी, तुमची सांगा. त्या बायका आपापली सांगतील." हे तिनंच घरी येऊन सांगितलं, नाक फुगवून. "माझं काय पाप? उन्हातान्हात निंदायला जायचं, मिळंल ते खायचं. पाप करायला सवड कुठं व्हती?"

हे बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मराठवाड्यातली आमची बहुतेक कॅथलिक घरं गावकुसाबाहेरून आलेली. पाणवठ्यावर वरून पाणी वाढून घेणाऱ्या माणसांना फ्रेंच पाद्र्यानं गुडघ्यावर बसवून, सांग तुझं पाप काय, असं विचारायचं, यात काहीतरी उफराटं आहे हे आजीच्या नाकाला कळत होतं. ज्यांची क्षमा साऱ्या गावानं मागायला हवी होती, तेच रांगेत उभे. मला या प्रश्नाचं पुरतं उत्तर अजून सापडलेलं नाही. एवढंच दिसतं, की ज्या माणसाला गाव माणूस धरत नव्हतं, त्याला इथं कुणीतरी पहिल्यांदा विचारत होतं: तू काय केलंस? तुझ्या हातून काय झालं? पाप करू शकतो तो माणूस, करणारा, ठरवणारा. नुसतं सोसणारं जनावर नव्हे. आजीला हे पटलं नसतं. ती म्हणाली असती, मानपान द्यायचा तर धान्यात द्या.

इतिहासात ही गोष्ट कायम अशी कुजबुजीची नव्हती. पहिल्या काही शतकांत मोठं पाप केलेला माणूस राख फासून, गोणपाट नेसून चर्चच्या दाराशी उभा राहायचा. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं. सगळा गाव पाहायचा. मग आयरिश संन्याशांनी कानात सांगायची पद्धत पसरवली. 1215 च्या लॅटरन परिषदेनं प्रत्येकानं वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं असं बंधन घातलं. सोळाव्या शतकात मिलानच्या चार्ल्स बोरोमिओनं पडद्याची पेटी रूढ केली, 1973 च्या नव्या विधीनं समोरासमोर बसायची वाट मोकळी केली. एकूण प्रवास असा, की जे चव्हाट्यावर होतं ते कानात गेलं. बरंच झालं. गोणपाटातल्या माणसाकडं बघणाऱ्या गर्दीत किती जणांच्या मनात दया असेल याची मला शंका आहे. पण त्यात एक गोष्ट निसटली. ज्याचं नुकसान झालं, तो या सगळ्या व्यवहारात कुठंच राहिला नाही. पाप करणारा, फादर आणि देव; तिघांत मिटलं. ज्याच्या अंगावर पिंक पडली तो घरी धोतर धूत बसला.

माझ्या आईचं माहेर गंगापूर तालुक्यातलं. दोन भाऊ, वाटणीत एकाला एक लागून जमीन, मध्ये बांध. ज्यांनी शेती पाहिली नाही त्यांना बांध कोरणं म्हणजे काय ते सांगायला हवं. नांगरट करताना औत बांधाच्या जितकं जवळ घेता येईल तितकं घ्यायचं आणि दरवर्षी एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, बांधाच्या पोटातून काढायचा. एका वर्षात काही दिसत नाही. दुसऱ्या बाजूचा माणूस पाहुणा गेला असेल, आजारी असेल, तेव्हा तर नाहीच. पाच-सात वर्षांनी बांध तिकडं सरकलेला असतो, मूळ दगड मातीत गेलेला असतो आणि तुम्ही शपथ घेऊन सांगू शकता, की मी एका रात्रीत काही केलेलं नाही. मराठवाड्यातल्या कोर्टकचेऱ्यांत भावाभावांचे जे दावे पडून असतात, त्यातल्या कितीतरींच्या मुळाशी हाच एक तास असतो.

धाकट्या मामानं थोरल्याचा बांध असा कोरला होता. थोरल्याला कळत होतं. बोलणं बंद झालं होतं. दोघंही रविवारी मिस्सेला यायचे, एक पुरुषांच्या बाजूला पुढं, एक अगदी मागं. शांतीची खूण करायची वेळ आली की दोघंही आपापल्या शेजाऱ्याला हात जोडायचे. मग एका उपवासकाळात धाकट्या मामानं हे फादरला सांगितलं. का सांगितलं, त्याचं त्यालाच ठाऊक. हे सगळं आम्हाला कळलं ते त्यानंच पुढं सांगितल्यामुळं. फादर तर चकार शब्द बोलणारे नव्हते. मामाची अपेक्षा होती करंगळीची. पाच आमच्या बापा, पाच नमो मरिया. फादर बराच वेळ गप्प बसले आणि त्यांनी विचारलं, तास किती गेला? मामा म्हणाला, दोन-अडीच पावलं असंल. फादर म्हणाले, ईस्टरच्या आत परत दे. जपमाळ त्यानंतर बघू.

मामा आठवडाभर जेवला नाही नीट. मामी सांगायची, रात्री उठून बसायचा आणि म्हणायचा, फादरचं काय जातंय, त्यांना कुठं जमीन आहे. शेवटी एका सकाळी तो थोरल्याच्या अंगणात गेला. मी तेव्हा सुट्टीसाठी तिथंच होते, ओसरीवर. थोरला मामा दाढी करत होता, आरसा खुंटीला टांगलेला. त्यानं वळूनही पाहिलं नाही.

"दादा, बांध जरा कोरला गेलाय."

"गेला? बांधाला पाय फुटले व्हय?"

धाकटा उभाच. मामी दारातून आत गेली, म्हणजे दाराच्या मागं जाऊन उभी राहिली.

"मी कोरला."

थोरल्यानं वस्तरा पाण्यात बुडवला, पुसला. "फादरनं धाडलं का?"

"धाडलं. पण चालत मीच आलोय."

त्या दुपारी दोरी नेली, दोन शेजारी साक्षीला घेतले, आणि जुना हद्दीचा दगड हुडकायला टिकाव मारायला सुरुवात झाली. तो मामानं सांगितलं त्याहून बराच आत सापडला. दोन-अडीच पावलं नव्हती, चांगली चार होती. फादरलाही त्यानं कमीच सांगितलं होतं. मला आजही त्या प्रसंगातलं सगळ्यात खरं काही वाटत असेल तर ते हे. माणूस कबुली देतो तीही घासाघीस करून देतो. साक्षीदार हसले. धाकट्या मामाचं तोंड उतरलं, पण दगड उघडा पडल्यावर काय बोलणार? त्यानं चारही पावलं सोडली.

यानंतर दोघे भाऊ गळ्यात पडले असं काही झालं नाही. थोरला "माफ केलं" असं कधीच म्हणाला नाही. बोलणं सुरू झालं तेही कामापुरतं: मोटार कधी लावतोस, खत आलं का. गावानं मात्र धाकट्या मामाला बांधकोऱ्या हे नाव ठेवलं ते कायमचं. आणि तरी, किंवा बहुधा त्यामुळंच, पुढच्या काही वर्षांत एक विचित्र प्रकार सुरू झाला. गावात कुठं बांधावरून तंटा झाला, की लोक मामाला बोलवायला यायचे. मराठे, वंजारी, कुणीही. तलाठी येईपर्यंत तोंडी मोजणी करायला. एक जण म्हणाल्याचं मामाच रंगवून सांगायचा: "बांध कसा कोरत्यात हे ज्याला ठावं, त्यालाच मोजायला न्या." मामा जायचा. खाली बसून मातीचा रंग बघायचा, तासाचा कोन बघायचा आणि सांगायचा, हा गेल्या साली कोरलेला, हा जुना. त्याला कुणी फसवू शकत नव्हतं. आणि त्याच्यापुढं कुणाला लाजही वाटत नव्हती.

येशू डोंगरावरच्या प्रवचनात शिष्यांना जगाचा उजेड म्हणतो, हे ख्रिस्ती नसलेल्यांनाही ऐकून माहीत असतं. आमच्या शाळांच्या बोधचिन्हांवर मेणबत्ती नाहीतर मशाल असतेच. शहराला कॅथलिक उजेड म्हणून जे दिसतं ते हेच: शाळा, सिस्टरांचे दवाखाने, शिस्त, स्वच्छ गणवेश. 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, 93 व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले तेव्हाही मराठवाड्यानं हा उजेड पाहिला. मला त्याचा अभिमान आहेच. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात तोच पाचवा अध्याय थोडा पुढं वाचला, की पानही उलटायच्या आत दुसरी गोष्ट येते. अर्पण घेऊन वेदीपाशी आलात आणि आठवलं, की भावाच्या मनात तुमच्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवून आधी त्याच्याकडं जा. तुमच्या मनात त्याच्याविषयी काही आहे, असं नव्हे. त्याच्या मनात तुमच्याविषयी. म्हणजे दुखावलेला तो आहे. या दोन गोष्टी एवढ्या शेजारी असून प्रवचनांत मात्र बऱ्याचदा वेगवेगळ्या रविवारी येतात. उजेडाच्या रविवारी शाळेचं कौतुक, समेटाच्या रविवारी सासू-सुनांना कानपिचक्या.

तिसरी गोष्ट जक्कयाची. जकात वसूल करणारा, बुटका, झाडावर चढून बसलेला. येशू त्याच्या घरी जेवायला जातो आणि जक्कय उभा राहून सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत. या घराला तारण लाभलं हे येशू म्हणतो ते त्यानंतर. जेवण आधी झालं हे खरं. प्रेम हिशेब होईपर्यंत दारात थांबलं नाही. पण हिशेब झाला. त्या यरीहो गावात दुसऱ्या दिवशी सकाळी लोक आपापले पैसे मोजून घ्यायला रांगेत उभे असतील, तेव्हा जक्कयाचं तोंड कसं झालं असेल, याची कल्पना मला मामामुळं करता येते.

ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधले सगळे दिवे मालवतात. बाहेर अंगणात नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर त्या वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात आणि क्रुसाच्या खुणेवर धुपाचे पाच खडे. ती अंधारातून आत येते आणि तिच्यावरून एकेकाची बारकी मेणबत्ती पेटत जाते. एप्रिलातली संभाजीनगरची रात्र, पंखे बंद, पुठ्ठ्याच्या गोल चकतीतून मेण गळून बोटांना चटके. लहान मुलं दुसऱ्याच्या केसांजवळ ज्योत नेतात, आया खेकसतात. या रात्रीच्या आधी तीन-चार दिवस निवेदनाच्या रांगा लागलेल्या असतात. क्रम तो आहे. आधी रांग, मग मेणबत्ती. हातातला उजेड आपला नसतो, शेजाऱ्याकडून घेतलेला असतो, आणि शेजारी कोण बसावं हे आपल्या हातात नसतं. ज्या वर्षी बांध मागं सरकला त्या वर्षी धाकट्या मामाची मेणबत्ती थोरल्याच्या नातवानं पेटवली, असं आई सांगते. मी पाहिलेलं नाही. आईला गोष्टी गोल करून सांगायची सवय आहे.

क्षमेची ख्रिस्ती गोष्ट सांगायची तर हल्ली सगळे सिस्टर राणी मारियांची सांगतात, आणि ती सांगायलाच हवी. केरळातली ही सिस्टर इंदूरजवळच्या उदयनगर भागात भूमिहीन आदिवासींना सावकारी पाशातून सोडवायचं काम करत होती. 25 फेब्रुवारी 1995 ला बसमधून उतरवून समंदर सिंह नावाच्या तरुणानं तिला पन्नासहून अधिक वार करून मारलं. मागं चिथावणी देणारे वेगळे होते. त्याला जन्मठेप झाली. स्वामी सदानंद या नावानं ओळखले जाणारे एक धर्मगुरू त्याला तुरुंगात भेटत राहिले आणि 2002 च्या राखीपौर्णिमेच्या सुमारास राणी मारियांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिनं त्याला राखी बांधली. कुटुंबानंही क्षमा केली, सुटकेसाठी शब्द टाकला. 2006 मध्ये तो सुटला. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमध्ये राणी मारियांना धन्यवादित घोषित केलं, तेव्हा तो तिथं हजर होता.

सेल्मी पॉलनं जे केलं ते माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, म्हणून मी त्याबद्दल बोलत नाही. मला दिसत राहतो तो समंदर सिंह. सुटल्यावर तो परागंदा होऊ शकला असता; देश मोठा आहे. तो त्याच मुलखात परतला, शेती करू लागला, ज्या गावांना त्यानं काय केलं ते ठाऊक होतं त्याच गावांत राहिला, राणी मारियांच्या कबरीवर जात राहिला, आणि विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला, होय, मी मारलं, असं सांगत राहिला. संतपदाच्या वाटेवर चर्च एकाच व्यक्तीला घेऊन जातं आहे, ते योग्यच. पण पैठणच्या त्या माणसाचं पुढं काय झालं, या माझ्या जुन्या प्रश्नाला इतकं नीट उत्तर देणारा दुसरा कुणी मला माहीत नाही.

घरातली तरुण मुलं आता म्हणतात, मधे फादर कशाला, आम्ही थेट देवाला सांगतो. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. देवाला थेट सांगता येतं याबद्दल चर्चचंही दुमत नाही. एवढंच सांगते, की मामा कितीतरी वर्षं थेट देवालाच सांगत होता. देव ऐकून घ्यायचा. तास किती गेला, हे मात्र त्यानं कधी विचारलं नाही.

मोठी माणसं गुडघ्यावर बसलेली दिसली, की रांगेतल्या लहानांना धीर येतो. 28 मार्च 2014 ला सेंट पीटर्समध्ये पोप फ्रान्सिस निवेदन ऐकायला निघाले होते. वाटेतच वळून ते दुसऱ्या एका साध्या धर्मगुरूसमोर जाऊन गुडघ्यावर बसले, सगळ्यांदेखत. 2022 च्या जुलैत ते कॅनडात गेले आणि चर्चच्या निवासी शाळांत मूलवासी मुलांवर जे झालं त्याबद्दल त्यांनी त्या लोकांच्या भूमीवर जाऊन क्षमा मागितली. व्हीलचेअरवर, गुडघा दुखत असताना. काहींनी ती स्वीकारली, काहींनी विचारलं की पुढं काय. दुसऱ्यांचा प्रश्न मला जास्त ख्रिस्ती वाटतो.

आमच्या मराठवाड्याला क्षमा मागायची सवय नाही. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि गावोगाव दलितांची घरं जळाली, माणसं गेली. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. मधल्या सोळा वर्षांत आणि नंतरही, मी जाळलं, असं म्हणत कुणी कुणाच्या अंगणात गेल्याचं मी ऐकलेलं नाही. जाळलं गेलं. बांधाला पाय फुटले.

आणि आम्ही? चर्चच्या आत जातपात नाही, असं लहानपणी आम्हाला सांगितलं जायचं, लग्नं जमवायची वेळ येईपर्यंत. 2016 च्या डिसेंबरात भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं दलितांच्या सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं. चर्चमध्येही अस्पृश्यता आणि भेदभाव पाळला जातो हे त्यात कबूल केलं आणि त्याला पाप म्हटलं. मी तो मजकूर वाचला तेव्हा मला आजीचं फुगलेलं नाक आठवलं. शेवटी तिच्याकडं उलटी रांग वळली होती. ती मात्र ऐकायला नव्हती. विवेक तपासला, पश्चात्ताप झाला, निर्धार झाला, निवेदनही झालं. चार बोटं मोजून झाली. त्या कागदाला आता दहा वर्षं होत आली. मामाला ईस्टरपर्यंतची मुदत होती.